ऐनाचे बारा ओंडके

ती घटना आजही आठवली की माझाच गोंधळ उडतो. रोह्याच्या आतल्या अंगाला लाकडाच्या धंद्यावर वाढलेलं एक गाव. एके काळी तिथे करवतीच्या गिरण्या दिवसभर चालत. माझ्या वेळी एकच वखार उरली होती. पाऊस मात्र पूर्वीइतकाच. पोलीस ठाण्यातल्या डायरीला बुरशी यायची, काडेपेटी चुलीजवळ ठेवावी लागायची. मी फौजदार, घाटावरचा माणूस, पार वैतागून जायचो.

भर आषाढात वखारमालकाने फिर्याद दिली: ऐनाच्या झाडाचे बारा ओंडके चोरीला. मालक त्याच वर्षी मुंबईहून आलेला. खबऱ्या म्हणाला, वखारीच्या म्हाताऱ्या राखणदाराला बैल जुंपून ओंडके ओढताना पाहिलंय. त्याला ठाण्यात आणलं. अटक झाली तर त्याची वखारीतली राहती खोली जाणार होती, आणि त्या पावसात म्हातारा-म्हातारी जाणार कुठे?

"ओंडके कोणी नेले?"

"मीच."

"कुठे?"

"पाण्यात."

"विकले कोणाला?"

"इकायचे कशाला? मालकाचे हायेत ते."

म्हटलं, बेरकी दिसतोय. नदीतून खाली सोडले असणार. खालच्या गावांत माणसं पाठवली, हाती काही लागलं नाही. चोरी कबूल, माल गायब, गिऱ्हाईकाचा पत्ता नाही! चिडून मी हात उगारला. तो नुसता बघत राहिला, वेड्याकडे बघतात तसा.

दुपारी त्याची बायको भाकरी घेऊन आली.

"अवो सायेब, वखारीमागच्या डोहात बुडवलेत. दरसाल बुडवतो, नायतर भुंगा पोखरतो. जुन्या मालकाला कधी सांगायला लागलं नाय."

"मग हा बोलला का नाही?"

"बोल्ला की! पाण्यात हायेत म्हणून."

डोहात गळ टाकले, दोर लावले. बाराच्या बारा ओंडके निघाले. मालक खाली मान घालून उभा. मला तर उगारलेल्या हाताची लाज वाटली, अजून वाटते. त्याने पहिल्याच झटक्यात खरं सांगितलं होतं. पुढचे सगळे प्रश्न मी माझ्या अक्कलहुशारीने विचारले.

पंचनामा भिजत होता. म्हातारा जवळ आला.

"सायेब, मोजून झालं? परत बुडवू? अजून मुरले नायत."

मुद्देमाल पाण्यात ठेवायची परवानगी कुठल्या कलमात आहे, मला कळेना. मालकाकडे पाहिलं, त्याने मान डोलावली.

"बुडवा, बाबा," मी म्हणालो, आणि पंचनाम्यात लिहिलं: माल मालकाच्या ताब्यात, सुस्थितीत, पाण्याखाली.