ई ड्राइव्हवर उमटलेला एन

आपल्या मंडळाच्या अंकातलं अतर्क्य अनुभवांचं हे सदर मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आलो. नवी स्कूटर मी मुद्दाम अमावास्येला आणली होती, आणि वडिलांच्या दहाव्याला कावळ्याची वाट न बघता घाटावरून निघून आलेला माणूस मी. जन्मभर इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम केलं. यंत्र बिघडतं त्याला कारण असतं, आणि नीट शोधलं की ते सापडतं... एवढीच माझी श्रद्धा. तेव्हा खालचं वाचून कुणाला हसू आलं तर माझी तक्रार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा. शेवटी एक दुरुस्ती आहे.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली. आम्ही इथेच बंगळूरमध्ये, मारतहळ्ळीच्या अलीकडे एका सरकारी कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. समोर तेव्हा नाचणीची शेतं होती. हॉलमध्ये खिडकीपाशी माझा कॉम्प्युटर. त्याच्या डिस्कचे मी दोन भाग केले होते – सी माझा, डी नलिनीचा.

नलिनी म्हणजे माझी पत्नी. साताऱ्याहून लग्न होऊन आली तेव्हा तिला कन्नडचा गंधही नव्हता. शेजारच्या सरोजाक्कांकडून ती शिकली. सरोजाक्का इथल्याच, कित्येक पिढ्या बंगळूरमध्ये मुरलेल्या मराठी घरातल्या. पुढे नलिनीची तयारी एवढी झाली की तिने एका मोठ्या कन्नड कादंबरीचा मराठी अनुवाद करायला घेतला. सुरुवातीला कागदावर लिहायची. मीच म्हणालो, "दोनदा लिहिण्याचा उद्योग कशाला? सरळ टाइप कर."

"आणि उडालं तर?"

"मग मी कशाला आहे?"

फ्लॉपीवर प्रत काढून ठेवायची असते, हे इंजिनिअर असून मी तिला शिकवलं नाही. स्वतःही काढली नाही.

त्या सुमारास ऑफिसातल्या तरुण मुलांमध्ये लिनक्स या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमचं वेड शिरलं होतं. आपणही मागे नाही हे दाखवायला मी एका मासिकाबरोबर आलेली सीडी मिळवली आणि एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून दुसरी हार्ड डिस्क आणली. एका रविवारी नलिनी आणि सरोजाक्का मल्लेश्वरमला बारशाला गेल्या आणि मी डिस्क जोडून बसलो. पण इन्स्टॉलेशन पुढे सरकेना. नव्या डिस्कवर आलं की एरर. म्हटलं, आधी डॉसमधून पार्टिशन करून फॉरमॅट करू, डिस्क तरी चांगली आहे का कळेल. सी आणि डी आधीचे, म्हणजे नवी डिस्क ई. इतका साधा हिशेब.

पार्टिशन झालं, मग ई फॉरमॅट करायची कमांड दिली. सगळा डेटा जाईल, पुढे जायचं का, असं विचारलं. हो असेल तर वाय, नाही तर एन. मी वाय दाबून एंटर मारलं. पडद्यावर एन. काम रद्द.

बोट चुकलं असेल. पुन्हा केलं... पुन्हा एन.

कीबोर्ड काढला, ऑफिसातून आणलेला दुसरा लावला. तेच. मग नुसतंच वाय टाइप करून पाहिलं – बरोबर वाय येत होतं. एक फ्लॉपी फॉरमॅट केली, तिथेही वायला वायच. फक्त ई म्हटलं की एन! ऑफिसात कुणी असा बिघाड घेऊन आला असता तर मी म्हणालो असतो, थांबा, हे काहीतरी सांगतंय. घरी मात्र मला राग आला. तो प्रश्न न विचारता फॉरमॅट करायला लावणारा एक स्विच, म्हणजे कमांडपुढे जोडायचा एक शब्द होता, मॅन्युअलमध्ये न छापलेला. तो मला माहीत होता. तो लावला, आणि फॉरमॅट मुकाट्याने सुरू झालं.

झाल्यावर बघतो तर नवी डिस्क कोरीच्या कोरी, फॉरमॅटच न झालेली. मग डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या डिस्कवर पार्टिशन केलं की डॉस डी हे अक्षर तिला देतं आणि जुन्या डीला एक घर पुढे, ई वर सरकवतं. हे मी दुसऱ्यांना शिकवलेलं होतं. मी नलिनीचा ड्राइव्ह पुसला होता.

संध्याकाळी दोघी आल्या. सरोजाक्का दारातूनच सुरू झाल्या, "अय्यो भावजी, तुमच्या हिला एकटीला बसमधे सोडू नका बघा! जाताना स्वल्प डोळा लागला, तर मोठ्यानं ओरडाय लागली... नको, नको म्हणून! कंडक्टर म्हणतो, काय अम्मा, तिकीट नको म्हणजे फुकट यायचंय?"

"पुरे हो अक्का," नलिनी हसत होती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, एकदम गप. कुणी तोंड दाबून धरल्यागत. हलवून उठवलं तर म्हणती, अक्का, घसा दुखतोय."

हे कुठे झालं, किती वाजता झालं, मी विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

नलिनी साडी न बदलताच कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसली. म्हणाली, "शेवटचं प्रकरण काल संपलं. तुम्हाला सांगितलं नव्हतं, आज वाचूनच दाखवणार होते."

त्या क्षणी मी खरं बोलू शकलो असतो. मी म्हणालो, "काल तू शट डाउन न करता मेन स्विच बंद केलास का? डिस्क गेलीय."

तिने आठवून पाहिलं. "केला असेन हो... लक्षात नाही." मग म्हणाली, "तुमचा एवढा महागाचा कॉम्प्युटर. माफ करा."

"सरी, जाऊ दे, होतं गं," सरोजाक्का तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या.

पुन्हा कर, असं मी नंतर बऱ्याचदा सुचवलं. "तीच वाक्यं परत नाही हो येत," एवढंच ती म्हणायची. पुढे घरात नवे कॉम्प्युटर आले, पण नलिनीने एकही बटण मला विचारल्याशिवाय बंद केलं नाही. "बघा ना, नीट झालं का बंद?"

गेल्या वर्षी नलिनी गेली. मंडळाच्या शोकसभेत एक वक्ते प्रेमानेच म्हणाले, की नलिनीताई हुशार होत्या, पण चिकाटी कमी पडली, अनुवाद अर्धवट राहिला. तेच पुढे अंकातही छापून आलं. मुलीने मला विचारलं, "बाबा, आईने खरंच सोडून दिला होता?" मी मान हलवली. कुठल्या बाजूला, मलाही सांगता येणार नाही.

दोन्ही कीबोर्ड पुढे कित्येक वर्षं बिनतक्रार चालले. मेमरी, केबल, व्हायरस, सगळं तपासून झालं. कारण सापडलं नाही, आणि आता सापडेल असं वाटत नाही. डिस्क पुसताना मला कुणीतरी पुन्हा पुन्हा अडवलं. नलिनीशी खोटं बोलताना मात्र कुणीही अडवलं नाही. तोंडातून आलं ते जसंच्या तसं उमटलं.

संपादकांना विनंती, की मागच्या अंकातल्या मजकुरात दुरुस्ती करावी. अनुवाद अर्धवट राहिला नव्हता. नलिनीने तो पूर्ण केला होता.