मागच्या सीटवरून

भवानी पेठेतल्या सतीश शिंगे या वायरमनने पन्नाशीत लांबच्या प्रवासाची उंच मोटारसायकल घेतली. तिच्यावर एकटे गोव्याला जाऊन आल्यावर त्यांनी बायकोला, बुद्धप्रियाला, मागे बसवून विजापूरची वाट धरली. तासाभरातच तिनं गाडी थांबवायला लावली. प्रत्येक ब्रेकला तिचं हेल्मेट त्यांच्या हेल्मेटवर आपटत होतं.

"तुमी अजून एकटेच चालवताय की," ती म्हणाली. "मागं कुणी हाय, ते तुमच्या ध्यानातच न्हाय."

सतीश माघारी फिरले. राग आला होता, पण ते बोलणं मनातून जाईना. रविवारी त्यांनी गाडी मुलीच्या, संस्कृतीच्या, हाती दिली आणि स्वतः मागे बसले. मागच्याला खड्डा दिसत नाही, ब्रेक कधी लागेल ते कळत नाही, हे दहा किलोमीटरमध्येच उमगलं. मग त्यांनी मागचा शॉकअप दोघांच्या वजनाला बेतून घेतला, बुद्धप्रियाच्या पाठीला टेकण बसवलं आणि ब्रेक हळू दाबायची सवय लावून घेतली.

जानेवारीत दोघं बदामीला निघाले. विजापूर ओलांडल्यावर त्यांनी विचारलं, "थांबू का जरा?"

"कशाला?" बुद्धप्रिया म्हणाली. "आत्ता कुटं सूर्यफुलांची रानं लागलीत."