मुठीतले तांदूळ

श्रावणात हातात तांदूळ घेतले की आजही तळव्याला घाम फुटतो.

तेव्हा मी तेरा वर्षांची, कल्याणला नुकती नांदायला आलेली. सासूबाईंचा घसा बसला होता, म्हणून शुक्रवारची कहाणी मला सांगायला लावली; रीतीप्रमाणे सगळ्या मुठीत तांदूळ धरून ऐकत होत्या. जाऊबाईंचा भाऊ ठाण्याहून आगगाडीने तिसऱ्यांदा त्यांना माहेरी न्यायला आला होता. तो ओटीवर बसलेला. आधी दोनदा सासूबाईंनी त्याला तसाच परत पाठवला होता.

आमच्या घरी सांगत त्या कहाणीतली सूनही सासूच्या धाकाने भावाला दारातूनच परत पाठवते. तिथवर आले आणि माझी जीभ अडखळली. समोर जाऊबाई मान खाली घालून बसल्या होत्या. मी बोलून गेले, "सून म्हणाली, दादा, थांब. मी येते."

कहाणी संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हे खरं; पण सासूबाईंनी हातातले तांदूळ खाली टाकले असते, तर कहाणी तिथेच मोडली असती. त्या मूठ आवळून माझ्याकडे बघत राहिल्या.

देवीला तांदूळ वाहून झाले. जाऊबाई उठल्या. "दादा, थांब. मी येते."

कहाणी मी बदलली, असं कित्येक वर्षं वाटायचं. आता सासूबाईंच्या वयाची झाले, तर ती मूठच डोळ्यांपुढे येते. ती नुसती उघडायचा अवकाश होता.