दिनकरभाऊजींचे दोन विसर्ग

आजचं आजच लिहून ठेवते.

समोरच्या दारातले दिनकरभाऊजी. सगळी नोकरी दिल्लीतल्या एका छापखान्यात मराठी-संस्कृत मुद्रितं तपासण्यात गेली. निवृत्त होऊन इथे, दिल्लीच्याच द्वारका उपनगरात, राहायला आले, पण डोळा काही निवृत्त झाला नाही. आमच्या गणपतीच्या फलकावरच्या 'आशिर्वाद'मधली ऱ्हस्व वेलांटी त्यांनी स्टुलावर चढून दीर्घ केली. मी वाचायला दिलेल्या पोथीतही पेन चालवलं. मी हादरलेच. "भाऊजी, देवाच्या पोथीत?" तर म्हणतात, "वहिनी, देवाने रोज चुकीचं ऐकायचं का?" आणि दुरुस्ती बरोबर! त्यांची स्वतःची चूक मात्र कधी कुणी पाहिलेली नाही.

त्यांची लेक स्वानंदी. गुरुग्रामची नोकरी सोडून तिने स्वतःचं काम सुरू केलं. त्यातलं हे पहिलंच, आमच्या सोसायटीचे इंटरकॉम आणि गेटचे कॅमेरे इंटरनेटच्या नव्या पत्त्यांवर न्यायचं. सेक्रेटरी चड्ढाजींनी आधीच बजावलं होतं, "बेटा, इतवार को नहीं चला, तो काम पुराने ठेकेदार को."

मला तिने समजावलं होतं. "काकू, जुने पत्ते जगाला पुरेनात. नवे इतके आहेत की तुमच्या मिक्सरलाही एक मिळेल. पण लांबलचक! मधे शून्यंच शून्यं. ती लिहीत बसायची नाहीत, त्यांच्या जागी दोन कोलन, म्हणजे वर-खाली टिंबांच्या दोन जोड्या, शेजारी शेजारी द्यायच्या."

"म्हणजे आरतीत ध्रुवपद पुन्हा छापत नाहीत, नुसतं 'धृ.' घालतात, तसं?"

"बिल्कुल! बाबांना हे सांगायला हवं, खूश होतील."

ते सांगायचं राहिलं.

आज रविवार. क्लबहाउसात कमिटी जमली. मी नारळ घेऊन गेले होते. स्वानंदीने फाइल चढवली आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. पत्ता चुकीचा. पुन्हा चढवली. पुन्हा लाल.

"चलो भाभीजी, नारियल की चटनी बना लेते हैं," चड्ढाजी हसले.

"परवा तर चाललं होतं..." स्वानंदी ओळींवरून बोट फिरवत गेली आणि थांबली. "माझे कोलन कुठे गेले? दोन-दोन होते. सगळीकडे एकच कसा?"

"एकच असणार," माझ्या शेजारी बसलेले भाऊजी सहज म्हणाले. "काल तू जेवत होतीस तेव्हा तुझ्या लॅपटॉपवर मीच काढले. लागोपाठ दोन विसर्ग कधी येतात का? ओळीओळीत तीच चूक! म्हटलं, उद्या चारचौघांत लाज नको."

स्वानंदी मागे वळली. "बाबा... तो विसर्ग नव्हता. तिथे शून्यं होती."

माणसाचा चेहरा असा एका क्षणात रिकामा होताना मी पाहिला नव्हता. भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मी मनात नाम घेत राहिले, दुसरं काही सुचेचना.

"क्या हुआ? मशीन खराब है?" चड्ढाजींनी विचारलं.

"हां जी, थोड़ा..." स्वानंदी वडिलांना झाकायला बघत होती. तेवढ्यात भाऊजी उभे राहिले.

"मशीन ठीक है, लड़की भी ठीक है. गलती मेरी है. मैंने सुधार दिया."

"सुधार दिया, तो गलती कैसे?" चड्ढाजी चक्रावले.

भाऊजी लेकीजवळ खुर्ची ओढून बसले. छापखान्यात एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने तपासायचं, तसे ते एकेक ओळ मोठ्याने वाचू लागले. आपण कुठे खोडलं ते त्यांना सगळं आठवत होतं. "इथे कोलन... कोलन." दुसऱ्या कोलनला दर वेळी आवाज चिरकत होता. शेवटच्या ओळीनंतर स्वानंदीने बटण दाबलं, आणि भिंतीवरचा इंटरकॉम असा खणाणला की माझा नारळच हातातून निसटला. गेटवरचा गार्ड विचारत होता, "हैलो जी, कौन?"

चड्ढाजींनी नारळ उचलून माझ्या हातात दिला. "फोड़िए भाभीजी. काम लड़की के पास ही रहेगा."

संध्याकाळी प्रसाद द्यायला गेले. भाऊजी त्याच पत्त्यांचा कागद घेऊन बसले होते. प्रत्येक जोडकोलनाखाली पेनाने बारीक टिंबं देत होते.

"हे काय?"

"प्रेसची खूण, वहिनी. म्हणजे खोडणाऱ्याचं चुकलं, मूळचंच राहू द्या." मान वर न करता म्हणाले, "स्वतःच्या दुरुस्तीखाली आज पहिल्यांदा घालतोय."