वानखडे सिस्टर आणि अकोल्याच्या फेऱ्या

वानखडे सिस्टर दिसल्या की बायका पदर सावरून वाट बदलायच्या. सिस्टर चारचौघींत विचारायच्या, "अंगावरून किती दिवस जाऊन राह्यलं? सांग ना वं, काऊन लाजतं?" संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या उपकेंद्रात त्यांनी पंचवीस वर्षं काढली. मी त्यांच्या हाताखालची आशा सेविका.

त्याच सिस्टरांनी स्वतःच्या लघवीतलं रक्त सात महिने लपवलं. दुखत नव्हतं. उष्णता असेल म्हणून धने-जिऱ्याचं पाणी प्यायल्या, मग उपकेंद्रातल्याच गोळ्या घेतल्या. कळलं तेव्हा मूत्राशयाचा कॅन्सर बाहेर पसरला होता. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. अकोल्याच्या डॉक्टरांनी दोन औषधांची केमो सांगितली.

नवरा वारलेला, मुलगी सुरतेला. सोबत मीच. एसटीने शेगाव, तिथून रेल्वेने अकोला. एका फेरीच्या पहिल्या दिवशी दोन्ही औषधं आणि बाटल्यांवर बाटल्या सलाईन, आठवड्याने त्यातलं एकच, मग तिसरा आठवडा मोकळा. मोकळा म्हणायचा एवढंच. तोंड सोलून निघायचं, पाण्याचा घोटही उलटायचा, कानात सतत शिट्टी वाजायची. "औषध दोन, अन् झेलणारी एकटी मी," सिस्टर म्हणायच्या.

तिसऱ्या फेरीनंतर, लसीकरणाच्या दिवशी, त्या डोक्याला रुमाल बांधून उपकेंद्रात आल्या. स्टुलावर बसल्या. "माह्या लघवीत रक्त येत होतं," त्या बायकांना म्हणाल्या. "सात महिने मी कोणाले सांगतलं नाही. तुमाले शिकवणारी मी." एक म्हातारी उठून त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली. परत जाताना त्यांनी मला विचारलं, "जास्त बोलली का वं मी?"

चौथ्या फेरीनंतर स्कॅन झाला. गाठी वाढल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, दुसरं औषध देऊन बघता येईल. परतीला शेगावच्या स्टँडवर बाकावर बसलो असताना सिस्टर म्हणाल्या, "आता मले नेऊ नको."

"असं काय बोलता," एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. पण पहाटे उठून डबा करणं, बस गाठणं, त्यांना धरून जिने चढवणं, या सगळ्यातून सुटले असंच आधी मनात आलं. ते चेहऱ्यावर दिसलं असावं. सिस्टरांनी माझा हात हातात घेतला.

"तूबी थकली, सुनंदा. मले दिसते."

पुढचे सात आठवडे मी रोज त्यांच्याकडे जात होते. मुलगीही येऊन राहिली. एका रविवारी दुपारी सिस्टर गेल्या. मी पायाशीच होते. पाय दाबता दाबता माझा डोळा लागला होता.