सरांच्या उशाखालच्या गोळ्या

"मेली काय गो?"

प्रयोगशाळेत शिरता शिरता सर रोज हे विचारायचे. नव्या माणसाच्या छातीत धस्स व्हायचं. विचारपूस असायची ती बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींची. मेल्या म्हटलं की स्वारी खूश, सगळ्यांना चहा. तगल्या म्हटलं की दिवसभर कुणाशी धड बोलणं नाही. असं कामात बुडालेलं माणूस तुम्हीही पाहिलं असेल.

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत शोध एकाच गोष्टीचा होता: काही पेशी औषधाला दाद का देत नाहीत? बरीच औषधं पेशीत प्राणवायूचे उपद्रवी कण वाढवतात. पेशी आतून गंजत जाते आणि मरते. काही चिवट पेशी मात्र गंज रोखणारी द्रव्यं स्वतःच जास्त बनवतात आणि तगून राहतात. म्हणून केमो चालू असताना कुणी मनानेच अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे हाच गंज रोखणाऱ्या, गोळ्या घेतल्या की सर भडकायचे. "आम्ही चूल पेटवायची नि तुम्ही वर पाणी ओतणार?"

माझ्या आईची केमो चालू होती तेव्हा कॉटन ग्रीनच्या मावशीने तसल्याच गोळ्या आणल्या. आई म्हणाली, "घेऊ दे गं, तेवढाच आधार."

मी सरांना विचारलं. "अजिबात नाय. माझ्या आईलाही मी दिल्या नसत्या."

मी गोळ्या परत पाठवल्या. आई तरी अधूनमधून मागायची. मावशी अजून माझ्याशी बोलत नाही. आई त्याच वर्षी गेली.

पुढे सरांनाच कॅन्सर झाला. भोईवाड्यात त्यांच्या घरी मी अधूनमधून पेज घेऊन जायचे. एकदा त्यांना उठवून बसवताना उशी सरकली. खाली त्याच गोळ्यांची बाटली.

"वहिनींनी आणल्या?"

"नाय गो. तिका ठाऊकसुद्धा नाय. मीच घेतलंय."

"सर, माझ्या आईला तुम्ही..."

"तुका सांगितलेला खोटा नव्हता." ते भिंतीकडे बघत राहिले. "पण माका भीती वाटता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भीती आईलाही वाटत होती. तिला तेवढी मुभा मिळाली नाही, ती यांच्याच शब्दाखातर. तरी पाण्याचा पेला त्यांच्या ओठांशी मीच धरला. चादर सारखी केली. माया होतीच, पण राग गेला नाही. आजही गेलेला नाही.

सरांच्या शोकसभेत कुणीतरी म्हणालं, सर जे बोलले तसेच जगले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खाली बघत बसले. शेवटी शेवटी आई त्या गोळ्या मागायचीच थांबली होती. मला तेव्हा वाटलं होतं, तिला पटलं.