मामांचा न थांबणारा ट्रॅक्टर

चालू मशीन बंद करणं हे गोहत्येएवढंच पाप आहे, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या चंद्रपूर-गडचिरोलीत एकच आहे, आणि तो नेमका माझ्या सासरी निघावा हे माझं नशीब! सासूबाईंचे हे धाकटे भाऊ, म्हणजे आमच्या हिचे मामा. सारी नोकरी ऊर्जानगरला वीज केंद्रात गेली. तिथलं मशीन दिवाळीला थांबत नाही की कुणाच्या मरणाला थांबत नाही, आणि पुढच्या पाळीचा माणूस येऊन चार्ज घेत नाही तोवर खुर्ची सोडायची नाही, हे मामांच्या रक्तात भिनलेलं. रिटायर होऊन गोंडपिपरीकडे आले तरी घरातला पंखा बंद करायला त्यांचा हात धजत नाही. पंखा बंद पडला असं ते म्हणतही नाहीत, 'ट्रिप झाला' म्हणतात. खिशात कायम एक लांब स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. आमच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि नवरीमागे मामाच नाही! शोधाशोध केली तर हे मांडवामागे जनरेटरला कान लावून बसलेले. मला म्हणाले, "बेअरिंग रडून राह्यली जावईबापू. पंगत निघत नाई." पहिला भात वाढून झाला आणि अंधार झाला. तेव्हापासून त्यांच्या कानाला मी वचकून आहे.

सासूबाईंच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, जंगलाला लागून आहेत. दोन्हीकडे सागवान, मधून जेमतेम बैलगाडीची वाट, आणि बांध्या एवढ्याशा की मोठा ट्रॅक्टर वळायला गेला तर दोन बांध्यांमधला मातीचा धुराच फोडून टाकतो. गेल्या वर्षी बैलजोडीतला एक बैल दगावला. चिखलणी कशानं करायची, आणि चिखलाशिवाय रोवणा, म्हणजे धानाची लावणी, व्हायची कशी? सासूबाई म्हणाल्या, "यंदा रोवणा नाई झाला तं बांध्या शेजाऱ्याले देऊन टाकीन, अन् पोरीकडं येऊन राहीन." माझ्या घरी येऊन राहणं म्हणजे जणू फाशीच, असा त्यांचा सूर होता. मी जावई, मला राग यायला हवा होता. पण त्यांचा चेहरा पाहून मीच त्यांच्यापुढे भाजीचं भांडं सरकवलं. मामा जेवता जेवता उठले आणि हात धुताना एवढंच बोलले, "बाईची जमीन पडीत राहात नसते." बाई म्हणजे त्यांची ही थोरली बहीण.

दुसऱ्या दिवशी मला मोटारसायकलवर मागे बसवून थेट आलापल्ली. तिथं आंब्याच्या बागेतला एक छोटा डिझेल ट्रॅक्टर विकायला होता. उंचीनं माझ्या छातीएवढा, रंग कुठला ते ओळखू येईना, सीटवर युरियाची पिशवी. मालकानं बरीच खटपट करून सुरू केला, आणि किमतीचं बोलावं म्हणून बंद करायला गेला तर मामांनी त्याचा हात धरला. "बंद नका करू भाऊ! चालून राह्यला ना? चालू द्या!" सगळा सौदा ओरडून ओरडून झाला. मालक काय म्हणाला ते मामांना ऐकू आलं नाही आणि मामा काय म्हणाले ते मालकाला, म्हणूनच बहुतेक तो जमला.

मोटारसायकल मागाहून आणायची ठरवून मला बाजूच्या पत्र्यावर बसवलं आणि आमची वरात निघाली. आष्टीला चहा प्यायलो, इंजिन चालू. डबा खाल्ला, इंजिन चालू. मामांच्या ओळखीचा माणूस भेटला, त्याच्या तीन पिढ्यांची विचारपूस झाली, इंजिन चालूच! व्हायचं तेच झालं. वैनगंगेच्या पुलावर मधोमध डिझेल संपलं आणि नळीत हवा शिरली. कॅनमधलं डिझेल ओतलं तरी ती हवा काढल्याशिवाय इंजिन धरेना. मागे ट्रकवाले आमच्या खानदानाचा उद्धार करताहेत, आणि मी, सासरचा एकुलता एक जावई, भर पुलावर उकिडवा बसून इंजिनाचा हातपंप दाबतोय. मामा वरून म्हणतात, "तुमी आरामात बसा जावईबापू. फक्त दाबत राहा!"

गोंडपिपरीच्या मिस्त्री चाचांनी धूर पाहूनच निकाल दिला, "पिस्टन की रिंगा गई भाऊ. इसीलिए जल्दी स्टार्ट नहीं होता. खोलना पडता." इंजिन उघडायचं म्हणजे बंद करायचं! मामा तासभर स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून बसले. मग त्यांनी रीतसर 'शटडाऊन' जाहीर केला. स्टेअरिंगला लाल पाटी बांधली, 'काम चालू आहे, हात लावू नये', आणि चाचांनी पाना उचलला की वीज केंद्रातल्यासारखं विचारायचे, "परमिट घेतलं काय?" चाचा कपाळावर हात मारायचे. "अरे भाऊ, मेरेच दुकान में मेरेकूच परमिट?"

पण माणूस हटेल तर शपथ! त्या मॉडेलच्या रिंगा कुठंच मिळेनात, तर भंगाराच्या दुकानांतून पाण्याच्या जुन्या इंजिनाच्या रिंगा शोधून आणल्या आणि चाचांकडून कानशीनं घासून बसवून घेतल्या. व्हॉल्व स्वतः घासले, बोटांची सालं निघेपर्यंत. जोडून झाल्यावर कान लावला आणि म्हणाले, "एक अजून कुरकुरून राह्यला." पुन्हा खोलला. तिकडे धानाचे परे, म्हणजे लावणीची रोपं, गुडघ्याला लागले, गावातल्या बायांनी सासूबाईंच्या रोवण्याचा दिवस ठरवून टाकला. त्या दिवशी चिखल तयार नसला तर बाया दुसऱ्याच्या बांधीत जाणार, आणि मग त्या सालचं सगळंच गेलं. मामांनी तिसऱ्यांदा खोलला.

रोवण्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो सुरू झाला. खरंच चांगला आवाज होता हो! मामा तसेच चढले आणि वाटेत कुठंही न थांबता बांधीवर आले. सासूबाईंनी नव्या बैलाचे धुतात तसे चाकांवर पाणी घालून पाय धुतले आणि बोनेटला हळद लावली. चिखलणी सुरू झाली. निम्म्या बांध्या झाल्या, ऊन डोक्यावर आलं, आणि सासूबाई लुगडं खोचून थेट ट्रॅक्टरसमोर चिखलात उभ्या राहिल्या.

"सोड त्याले."

"बाई, हा बैल नाई!"

"चिखलाले जुंपला तं बैलच. दुपारी जनावर सोडाच लागते."

"अन् पुन्हा सुरू नाई झाला तं? उद्या बाया येऊन राह्यल्या!"

"मंग इतके दिवस तू काय दुरुस्त केलं?"

सासूबाईंचा आवाज एकदम खाली आला. "माह्या घरचे गेले तवा तू आला, अन् पाणी न पिता ड्युटीवर गेला. पोळ्याले नाई, दिवाळीले नाई. मशीन सोडता येत नाई बाई, म्हणे. आता तरी सोड ना रे."

मामांनी बराच वेळ किल्लीवर नुसता हात ठेवला. मग बंद केला.

इतकी शांतता झाली की जंगलातला मोर ऐकू आला. सासूबाईंनी धुऱ्यावर भात आणि तरोट्याची भाजी वाढली. मामा आधी घास हातात धरून ट्रॅक्टरकडे बघत बसले, मग हळूहळू जेवले, आणि चक्क दुसऱ्यांदा भात मागून घेतला. सासूबाई पदरानं वारा घालत होत्या. मी मात्र पुढ्यातला भात नुसता चिवडत होतो. जेवण झालं, मामा चढले, किल्ली फिरवली. एका झटक्यात सुरू! मी लहान पोरासारखा टाळ्या वाजवल्या. मामांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, ते बाईंकडे बघत होते. संध्याकाळपर्यंत चिखल तयार झाला आणि रोवणा ठरल्या दिवशी झाला.

यंदा सासूबाईंचे गुडघे पार गेलेत. बांधीपर्यंत जाववत नाही, ओसरीत बसूनच त्या दूरचं इंजिन ऐकतात. ट्रॅक्टरसमोर उभं राहायला आता कुणी नाही. तरी ऊन डोक्यावर आलं की मामा आपणहून किल्ली फिरवून इंजिन बंद करतात. तिकडे आवाज थांबला की इकडे सासूबाई भिंतीला धरून उठतात आणि भावाचं ताट वाढायला घेतात.